न हलणारं गिऱ्हाईक

हल्ली कुणीही उठतं आणि माझ्या नाकासमोर मोबाइल धरतं. त्यात कुणाच्या तरी मांजराला टोपी, चष्मा आणि झालरीचा झगा घातलेला असतो आणि ते मांजर पुतळा होऊन बसलेलं असतं. "बघ ना, किती शहाणं आहे, जराही हलत नाही!" असं कुणी म्हटलं की माझं डोकं सणकतं. मी म्हणते, "शहाणं नाहीये ते, घाबरलंय. आधी त्याच्या गळ्याखालचं रबर काढ, मग मला दाखव." या स्वभावामुळे मला फारसं कुणी बोलावत नाही, पण त्याला इलाज नाही. मी फोटोवाल्याची मुलगी आहे आणि हा धडा मी आमच्या स्टुडिओतच शिकले.

आमचा स्टुडिओ रस्त्याच्या कोपऱ्यावर होता. पुढे काउंटर आणि काचेचं कपाट, मधे फोटोची खोली आणि तिच्या मागे आम्ही. म्हणजे माझ्या बिछान्यापासून हाकेच्या अंतरावर एक सरोवर होतं, त्यात दोन हंस होते आणि काठावरून कुठेच न जाणारा एक संगमरवरी जिना होता. हे सगळं पडद्यावर रंगवलेलं होतं. अंधाऱ्या खोलीतल्या औषधांचा आंबट वास आमच्या कपड्यांना, उशांना, माझ्या वह्यांनासुद्धा यायचा. शाळेत मुली नाक मुरडायच्या. आज तो वास कुठे आला तर मी त्या दारात उभी राहून रडेन.

बाबा काळ्या कापडात डोकं खुपसायचे आणि आतून आवाज यायचा, "हलू नका." खोलीतले दिवे मंद, कॅमेरा म्हातारा. त्यामुळे माणूस जरा हलला की फोटोत त्याला दोन नाकं यायची. दिवसभर हेच एक वाक्य बोलल्यामुळे गल्लीत बाबांचं नावच 'हलूनका' पडलं होतं. दूधवाला सकाळी दार वाजवून मला विचारायचा, "हलूनका उठले का?" बाबांना त्याचा राग यायचा नाही. उलट गिऱ्हाइकांचीही ते त्याच मापाने प्रतवारी लावायचे. डोळे मिचकावणारी माणसं वाईट, खोकणारी त्याहून वाईट, लहान मुलं म्हणजे साडेसाती. आणि जो बसवला तिथे दगडासारखा बसला, तो देवमाणूस. मग तो बाहेर कितीही लबाड असो.

फोटोसाठी भाड्याने द्यायचे कपडे आई शिवायची. राजा, वैमानिक, परी, दर्यावर्दी. पोरं ते घालून जिन्यापुढे उभी राहायची. मग एक दिवस बेकरीवाला आपला लठ्ठ बोका घेऊन आला आणि म्हणाला, "याला राजा करा." बाबांचे डोळे चमकले. त्यांनी मुकुट घेतला, रबराने बोक्याच्या हनुवटीखाली अडकवला आणि कापडात डोकं घातलं. "हलू नका" म्हणेपर्यंत बोका सरोवरावरून चढून पडद्याच्या दांडीवर पोचला होता. एका हंसाची मान फाटली. बोक्याच्या गळ्यातलं रबर काढताना आईच्या हातावर असे ओरखडे उठले की त्या दिवशी आम्ही बेकरीचाच पाव आणून खाल्ला.

पण गल्लीला वेड लागायचं ते लागलंच. जो तो आपलं कुत्रं-मांजर घेऊन यायला लागला. तेव्हापासून जनावरांचा कारभार आईने आपल्या हातात घेतला. रबर बंद. बटणं, मणी, घुंगरू बंद, कारण जे चावता येतं ते गिळताही येतं. कानावर, मिशीवर काही नाही. पोट मोकळं, शेपटी मोकळी. बसता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे, आणि एक नाडी ओढली की सगळं खाली पडलं पाहिजे. मालकाने कपडा आधी घरी न्यायचा, जनावराला हुंगू द्यायचा, रोज थोडा वेळ घालायचा, मग फोटोला यायचं. आणि घातल्यावर जनावराला एकटं सोडून चहा प्यायला जायचं नाही.

"ही सासरी पाठवायची तयारी चाललीय का?" बाबा कुरकुरायचे.

"जनावराला आरसा कळत नाही," आई म्हणायची. "आपण कसे दिसतो याचं त्याला काय कौतुक? त्याला टोचतंय की नाही एवढंच कळतं."

आईच्या हातच्या सगळ्या कपड्यांत नावाजलेला कपडा होता मेंढीचा. म्हणजे मेंढी नावाच्या कुत्रीचा.

ही कुत्री होती आमच्यासमोर राहणाऱ्या बाईंची. बाईंनी गल्लीतल्या दोन पिढ्या शिकवल्या होत्या, त्यात बाबाही आले. बाबा त्यांच्या वर्गातला सगळ्यात चुळबुळ्या मुलगा होता, हे त्या गिऱ्हाइकांसमोर सांगायच्या आणि बाबा कापडात लपायचे. तर बाईंनी शाळेत मेंढपाळाचं एक नाटक बसवलं आणि मेंढीच्या कामाला त्यांचं काळंकुळं पिल्लू घेतलं. आईने टॉवेलच्या मऊ कापडाचा पांढराशुभ्र अंगरखा शिवला. नाटकात मेंढीने भुंकून लांडग्याला पळवून लावलं, लांडगा झालेला मुलगा खरोखर रडला आणि टाळ्या थांबेनात. पुढे दरवर्षी ते नाटक झालं. कुत्रीचं मूळ नाव काय होतं ते बाईसुद्धा विसरल्या. नाटकाचे दिवस आले की ती अंगरखा पाहून शेपटी हलवायची आणि डोकं आपणहून आत घालायची. मला त्या कुत्रीचा हेवा वाटायचा, कारण मला कोणत्याच नाटकात कधी काम मिळालं नाही.

मग बाई निवृत्त झाल्या, नाटक बंद पडलं, मेंढी म्हातारी आणि जाडी झाली. तिची हनुवटी पांढरी झाली आणि ती बाईंच्या पायरीवर पडून जाणाऱ्या-येणाऱ्यावर नजर ठेवायला लागली. बाई सकाळी तिला घेऊन फेरी मारायच्या, येताना कुणाच्या पोराचा कान पिळायच्या, कुणाला गणित सांगायच्या, आमच्या काउंटरपाशी थांबून बाबांच्या पाटीवरचं शुद्धलेखन सुधारायच्या.

बाईंचा मुलगा लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता. तो बरेच दिवस म्हणत होता, आई, एकटी राहू नकोस, माझ्याकडे ये. शेवटी बाई हो म्हणाल्या. उंच इमारतीतलं घर, लिफ्ट, खिडकीतून दिसणारी बाग, सगळं होतं. फक्त त्या इमारतीत जनावर ठेवायला परवानगी नव्हती. मेंढी आमच्याकडे राहील असं ठरलं. गल्लीतली सगळी माणसं म्हणत होती, "बाई, नशीब काढलंत, असा मुलगा कुणाला मिळतो?" बाईही म्हणत होत्या, "खरंय."

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या मेंढीला घेऊन आमच्याकडे आल्या. काखेत तो पांढरा अंगरखा होता.

"अरे, आमचा दोघींचा एक फोटो काढ," त्या बाबांना म्हणाल्या. "हिला मेंढी करून. तिकडे टेबलावर ठेवीन. दुसरं काही नको मला."

त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत होता, पण 'दुसरं काही नको' म्हणताना त्यांनी माझ्याकडे, आईकडे, कुणाकडेच पाहिलं नाही. मला तेव्हाच कळलं की या फोटोवर त्यांनी सगळा जीव टांगलाय. घर, गल्ली, कुत्री, सगळं मागे राहणार होतं. बरोबर जाणार होता तो एवढा एक कागद.

अंगरखा मेंढीच्या अंगाला पुरेना. आईने तो उलटा करून पाहिला आणि हसली. शिवताना शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. अंग भरलं तर ती उसवून कपडा सैल करता येतो. "भरपूर माया ठेवलीय हो मी," आई म्हणाली आणि मशीनवर बसली. भराभर जुन्या शिवणी उसवल्या, कडेला नव्या टिपा मारल्या. बाहेरून पाहणाऱ्याला कुठे जोड दिसणार नाही असं काम. आईचा त्या गोष्टीत हातखंडाच होता.

"घरी नेऊन चार दिवस घालायला हवा खरं तर," ती दात आणि सुई यांच्यामधून म्हणाली.

"तिला सवय आहे गं," बाबा म्हणाले. "नटी आहे ती. उगाच काथ्याकूट नको."

आईलाही ते पटलं. मलाही पटलं. ज्या कुत्रीने इतकी वर्षं हा कपडा आनंदाने घातला, तिला आता काय होणार होतं? बाईंनी अंगरखा पुढे धरला. मेंढीने तो हुंगला, शेपटी दोनदा हलवली आणि पूर्वीसारखं डोकं आत घातलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाबांनी सरोवरापुढे खुर्ची मांडली. बाई बसल्या, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मेंढीला त्यांच्या पायाशी बसवलं. बाबांनी दिवे लावले, कापडात डोकं घातलं आणि आतून बोलायला लागले. "वा! काय बसलीय! बाई, बघा तुमची विद्यार्थिनी. कान हलत नाही, मान हलत नाही. इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक मिळालं नाही मला."

आणि खरंच, मेंढी हलत नव्हती. पुढचे पाय ताठ, मान जराशी खाली. तिने एकदा जीभ काढून नाक चाटलं, मग जांभई दिली.

"कंटाळली," मी म्हणाले.

"हलू नका," बाबा म्हणाले. त्यांच्या हातात बटणाची तार होती. "बाई, इकडे बघा. कॅमेऱ्याकडे. बाई?"

बाई कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या. त्या वाकून मेंढीकडे बघत होत्या.

"थांब," त्या म्हणाल्या.

"बाई, एक क्षण. सगळं जमून आलंय. आता हलली तर—"

"थांब म्हटलं ना!"

हा वर्गातला आवाज होता. बाबांचं डोकं कापडातून बाहेर आलं, केस उभे. मला वाटलं ते आता बाकावर उभे राहणार.

बाई खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसल्या. गुडघे कुरकुरले, तरी बसल्या. "ही जांभई झोपेची नाही," त्या म्हणाल्या. "शेपटी बघा, पोटाखाली गेलीय. डोळ्यांचं पांढरं दिसतंय. अरे, वर्गात दोन तऱ्हेची मुलं गप्प बसतात. एक, ज्यांना गोष्ट आवडलीय. आणि दुसरी, ज्यांना भीती वाटतेय, काही दुखतंय, पण बाईंना आवडावं म्हणून सोसतायत. दुसरी मुलं कधी त्रास देत नाहीत. म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही."

त्यांनी नाडी ओढली. अंगरखा खाली पडला. मेंढीच्या पुढच्या पायांमागे, जिथे म्हातारपणाने केस विरळ झाले होते, तिथे कातडी लालभडक झाली होती. आईने अंगरखा उचलून आतून हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. आतली सगळी कड जुन्या दुमडीने कडक झाली होती, नव्या टिपांचे दोरे टोकदार राहिले होते. माणसाच्या कपड्याला बाहेरून नीटनेटकं करायचं आणि ओबडधोबड ते आत ढकलायचं, ही तिच्या हाताची जन्माची सवय. माणूस आत काहीतरी घालतो, त्याला ते लागत नाही. मेंढीच्या आत फक्त मेंढी होती.

"सगळी माया आतल्या बाजूला," आई म्हणाली. "बाई, टोचत राहिली हो बिचारीला."

बाई मेंढीच्या अंगाला न लागेल असा हात धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "मायाच ती. पण टोचते कधीकधी." आणि एकदम त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाईंना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. गल्लीत कुणीच पाहिलं नसेल.

बाबा घाबरले. "बाई, तेल लावू, उद्यापर्यंत बरं होईल. फोटो आपण साधाच काढू, अंगरखा नको. तुम्ही रडू नका."

"फोटोचं नाही रे," बाई म्हणाल्या. "मी मागच्या खेपेला तिकडे राहून आले ना, तेव्हा मीसुद्धा अशीच बसत होते. सूनबाईने आणलेला नवा झगा घालून, सोफ्याच्या कडेला. आणि सगळे म्हणत होते, किती छान रुळल्या."

मेंढी उठली. तिने आधी डोकं झटकलं, मग मान, मग सगळं अंग शेपटीच्या टोकापर्यंत असं झटकलं की तिचे केस दिव्यांच्या उजेडात उडाले. ती शिंकली, हंसांच्या सरोवरापुढे आडवी पडली आणि चारी पाय वर करून लोळायला लागली. बाई रडता रडता हसल्या. त्याच वेळी कॅमेऱ्याचा खट्ट आवाज झाला. बाबांनी तार कधी दाबली ते त्यांनाही कळलं नाही म्हणे. मी ते तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही.

सकाळी टॅक्सी आली. सामान आदल्या दुपारीच ओट्यावर मांडून ठेवलेलं होतं, ते ड्रायव्हरने कुणाला न विचारता टपावर चढवलंही. बाईंचा मुलगा उतरून पुढे आला तेव्हा बाई पायरीवर बसल्या होत्या, अंगावर घरातलाच जुना पोशाख, पायाशी मेंढी. आम्ही स्टुडिओच्या दारात उभे होतो. तोंडदेखलं काउंटर पुसत होतो, कान सगळे पलीकडे.

"आई, तयार नाही झालीस?"

"मी येत नाही रे," बाई म्हणाल्या.

तो भला माणूस होता. चिडला नाही आधी. मग चिडला. "कुत्रीसाठी? आई, एका कुत्रीसाठी? लोक काय म्हणतील मला? आईला एकटं टाकलं म्हणतील. तुला तिकडे काय कमी आहे ते तरी सांग."

"काही कमी नाही. चहासुद्धा आयता हातात मिळतो."

"मग?"

"मागच्या खेपेला तू तुझ्या बहिणीशी फोनवर बोलत होतास, ते मी ऐकलं. म्हणालास, आईचा काडीचा त्रास नाही, एका जागी बसून असते." बाईंनी त्याच्याकडे वर पाहिलं. "तू लहान असताना मला एका जागी बसलेली कधी पाहिलंस का रे?"

बाबांचा हात काउंटरवर थांबला. टॅक्सीवाल्याने इंजिन बंद केलं. मुलगा रस्त्यात उभा होता, एवढा मोठा हुद्देदार माणूस, हातात गाडीच्या दाराची मूठ. मेंढी लंगडत उठली, त्याच्यापाशी गेली आणि तिने त्याचे बूट नीट, सावकाश हुंगले.

"तू प्रेमाने बोलावलंस, मला कळतं," बाई म्हणाल्या. "राग धरू नकोस. जमेल तसा ये. मी येईन, राहीन थोडी. पण मला इथे हलू दे."

तो वळला, टॅक्सीच्या टपावरची दोरी त्याने स्वतः सोडली, वळकटी खांद्यावर घेतली आणि पायरीपाशी आला. बाई सरकून वाट देत होत्या. त्यांना ओलांडून आत जाता जाता, मागे न बघता, तो म्हणाला,

"आई, चहा टाक."